गाण्यातून वचन पाठ होतं तेव्हा : रेव्हरंड नारायण वामन टिळक



मागच्या पालकसभेनंतर एक आई थांबून राहिली. राधानगरीजवळच्याच वाडीतलं कुटुंब, रविवारी चर्चला जाणारं. तिची अडचण साधी होती. मुलीला रविवारच्या शाळेत दर आठवड्याला बायबलचं एक वचन पाठ करून जायचं असतं, आणि ते काही केल्या राहत नाही. शनिवारी रात्री येतं, रविवारी सकाळी उडतं. मग रागावणं, रडणं. आणि हीच मुलगी आमच्या परिपाठातलं तीन कडव्यांचं गीत दोन दिवसांत तोंडपाठ करते. शेजारी सप्ताह बसला की कानावर पडणारा हरिपाठसुद्धा तिला निम्मा येतो. मग वचनच का राहत नाही, असं त्या माउलीनं मला विचारलं.

तिला उत्तर देताना मला एका माणसाची आठवण झाली. त्याला आपण शिक्षक पाठ्यपुस्तकातून ओळखतो, पण अर्धाच ओळखतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक. ‘केवढे हे क्रौर्य’ शिकवताना वर्गात डोळे पुसणारी मुलं आपण पाहिली आहेत. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांचं नाव आपण फळ्यावर लिहितो. पण बायबलमधली शिकवण मराठी मुलांच्या, बायाबापड्यांच्या ओठांवर यावी म्हणून या माणसानं जे केलं, ते पुस्तकातल्या कवी-परिचयाच्या चार ओळींत येत नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील वामनराव सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई मात्र कवितेत रमणारी. कवितेचा ओढा त्यांना आईकडूनच आला. ती लवकर गेली आणि घर तुटल्यासारखं झालं. पोरगा नाशिकला आला, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजी शिकला. शाळा मात्र पुरी झाली नाही. पुढे सगळं आयुष्य लिहिण्या-शिकवण्यात घालवणाऱ्या माणसाचं शालेय शिक्षण असं अर्धवट होतं!

१८८० च्या सुमारास लग्न झालं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अकरा-बारा. सासरी ती लक्ष्मी झाली. याच लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. टिळकांनी त्यांना घरीच वाचायला शिकवलं, तेही सलग नाही. आज धडा, उद्या भांडण, परवा टिळक दुसऱ्याच गावी, असा तो वर्ग चाले. नोकरी कुठे टिकत नव्हती. आज हे गाव, उद्या ते. कधी कीर्तन, कधी शिकवणी, कधी मासिक काढायचं. कविता मात्र कुठेही सुचायची.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळक वाचू लागले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला तो भाग आपणही एकदा मोठ्यानं वाचून बघा. ‘धन्य’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, जणू ध्रुपदच. बायबलमधला जो भाग मुलांना सगळ्यात लवकर पाठ होतो त्यात हा असतोच, आणि कारण उघड आहे.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना आधी सांगितलं नव्हतं. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानगा दत्तू पदरात, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाईक सगळे संतापलेले. काही काळ त्या पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. जवळजवळ पाच वर्षं हा संसार दुभंगलेला होता. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, आधी आपला चुलासोवळा वेगळा सांभाळून राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या या वागण्याचं समर्थन मला करवत नाही. पण गाण्यांची गोष्ट सांगताना ही किंमत वगळली तर ती गोष्ट खोटी होईल. ती किंमत त्यांनी एकट्यानं नाही, बायकोनं आणि लेकरानंही मोजली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवू लागले, तेव्हा मराठी चर्चमध्ये गाणी नव्हती असं नाही. मराठी नवा करार १८११ मध्येच श्रीरामपूरला छापला गेला होता. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी देशी चालींवर गीतं रचली होती. पण बरीचशी गीतं म्हणजे इंग्रजी गीतांची भाषांतरं, चाल विलायती. शब्द मराठी, पण आघात चालीच्या सोयीनं कुठेही पडायचा. जात्यावरच्या ओव्या आणि भजन ऐकत वाढलेल्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या बाईला ती चाल धरणं अवघडच. मूल तर आईच्या मागून म्हणतं. आईचीच जीभ अडखळली की मूल कुठून पाठ करणार?

टिळकांनी काय केलं? त्यांनी अभंग घेतला, ओवी घेतली, पद घेतलं. तुकाराम त्यांच्या अंगातच मुरलेला होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. हातात टाळ, पेटी, तबला घेऊन त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, आख्यान सगळं नेहमीचं, विषय मात्र येशूच्या चरित्रातला. पुढे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची एकट्याची अडीचशेच्या आसपास गीतं आली. आपल्या कोल्हापुरात वाइल्डर साहेब १८५२ मध्ये आले, आणि तिथलं मिशन पुढे वेगळं झालं. पण टिळकांच्या गीतांनी मिशनच्या हद्दी पाळल्या नाहीत.

शिक्षक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं, कारण त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

मोठ्या अभंगाचा साचा बघा. सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं आणि शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. आता मुलाला तिसरा तुकडा आठवला नाही तर काय होतं? दुसऱ्याचं यमक कानात वाजत असतं, ते तिसऱ्याला ओढून आणतं. शेवटचा तुकडा आखूड, तिथे श्वास घ्यायला जागा आणि टाळ वाजवायलाही जागा. एखादा शब्द गळला तर अक्षरं कमी पडतात, ताल चुकतो, आणि चुकलं हे मुलाला स्वतःलाच कळतं. बाईंनी सांगावं लागत नाही. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच तुकडे, शेवटी यमक. पहिली-दुसरीच्या मुलांना तो आणखी सोपा. गद्य वचनात यातला एकही आधार नसतो. त्यातून जुन्या भाषांतराची वाक्यं लांब, क्रियापद पार शेवटी. मूल मध्येच बुडतं, त्यात त्याचा दोष नाही.

ही वाट टिळकांच्या आधीही एकानं चालून पाहिली होती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्यानं बायबलची कथा मराठी ओवीत लिहिली. ते ‘क्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या. नवख्रिस्ती लोक जुन्या पुराणांच्या गोडीला मुकले होते, त्यांना ऐकायला, म्हणायला काहीतरी हवं होतं. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. टिळक १९१९ मध्ये. मध्ये बरोबर तीनशे वर्षं, पण दोघांनी हात घातला तो ओवीलाच.

एक सावधगिरीची गोष्टही सांगते. टिळकांची गीतं म्हणजे वचनांचं शब्दशः रूपांतर नव्हे. ते वचनाचा गाभा घेत आणि आपल्या शब्दांत रचत. म्हणून गीत आलं म्हणजे वचन जसंच्या तसं आलं असं होत नाही. अध्याय आणि ओळ विचारली तर मूल गप्प बसेल. त्या आईला मी सुचवलं ते असं : आधी त्या अर्थाचं एखादं अभंगाच्या चालीचं गीत घरात आठवडाभर म्हणा, भाकरी थापताना, पाणी भरताना. अर्थ मुलीच्या मनात बसला की मग खरं वचन घ्या, त्याचे श्वासाप्रमाणे तीन-चार तुकडे पाडा आणि टाळी धरून म्हणा. चाल स्वतःची लावा, परिपाठातल्या गीताचीही चालेल. आणि रागावू नका. एवढं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, पाढे आपण याच पद्धतीने शिकवतो की!

मुलांविषयी टिळकांना जी ओढ होती ती कवितेपुरती नव्हती. दुष्काळात पोरकी झालेली मुलं त्यांनी घरी आणली आणि त्यांचं करता करता लक्ष्मीबाईंच्या नाकी नऊ आले. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन झालं, त्यात त्र्यंबक ठोमरे हा कोवळा पोरगा कविता म्हणून गेला आणि बालकवी ठरला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरीच आणून ठेवलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. जातीधर्माचा प्रश्न त्या स्वयंपाकघरात तोवर मिटलेला होता.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. पण मिशनचा पगार, मिशनची शिस्त, साहेबी वळण हे सगळं त्यांना टोचू लागलं होतं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथे जागा. पैसा नव्हता, तब्येत ढासळत होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले.

मागे एक काम अर्धंच राहिलं होतं. १९०९ मध्ये त्यांनी येशूचं संपूर्ण चरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. रामायण जसं घरोघर वाचलं जातं तसं हे वाचलं जावं, अशी कल्पना. दहा-अकरा अध्याय झाले आणि माणूसच गेला.

ते हस्तलिखित लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. शाळेत कधी न गेलेली, नवऱ्याच्या अर्ध्यामुर्ध्या शिकवणीवर वाचायला शिकलेली ही बाई. कानात बालपणापासूनच्या ओव्या होत्या, तेवढं भांडवल. अध्यायामागून अध्याय त्यांनी रचले, साठाहून जास्त, आणि रचता रचता त्यावर स्वतः कीर्तनंही केली. नवऱ्यापासून दुरावलेल्या वर्षांत ज्या नावाचा त्यांना राग होता, त्याच नावाचं चरित्र त्या गात होत्या. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या वारल्या तेव्हा शेवटचा भाग राहिलेला होता. तो मुलानं, देवदत्तानं, पुरा केला. पंढरपुरात आईच्या पदराआड असलेला दत्तू तो हाच. १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ छापून आलं.