कॉर्बेटच्या बंदुकीचा दस्ता

जिम कॉर्बेट म्हटलं की नरभक्षक वाघ आठवतात. वर्कशॉपमध्ये लाकूड तासलेल्यांनी त्याच्या बंदुकांचे दस्तेही बघायला हवेत.

त्याचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील पोस्टमास्तर, ते लवकर गेले. आठेक वर्षांचा असताना जिमला पहिली बंदूक मिळाली, ठासणीची, दुनळी आणि मोडकी! कुणीतरी जास्त दारू ठासल्याने उजवी नळी फाटलेली, त्याच दणक्यात दस्ताही मोडलेला. सगळं पितळी तारेने आवळून बांधलेलं. पोरगं डाव्या नळीवर जंगल शिकलं.

पुढे मोकामाघाटला रेल्वेचा माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका त्याने बरीच वर्षं चालवला. मधूनमधून कुमाऊंतून बोलावणं यायचं. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीपुढे काडतुसं संपली, तेव्हा तहसीलदाराची बंदूक उसनी घेतली. तिची नळी आणि मागची बाजू यांत चांगली फट! नेम धरला तोंडावर, गोळी लागली पंजाला. आधीच्या जखमांनी वाघीण मेली म्हणून बरं.

त्या कामगिरीबद्दल लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी त्याला रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची बोल्ट-अॅक्शन रायफल दिली. आतली यंत्रणा माउझरची, दस्त्यावर चांदीची पट्टी.

अशा रायफलचा दस्ता बदलायचा तर नुसतं चकचकीत लाकूड बघून चालत नाही. अक्रोडाचं लाकूड पूर्ण मुरलेलं हवं. हॉस्टेलचं दार मे महिन्यात सैल आणि जुलैत अडकतं, हे संभाजीनगरात राहणाऱ्याला सांगायला नको. तसाच दस्ता फुगला की नळीला रेटतो आणि नेम सरकतो. मुठीत धरायची जागा सगळ्यात बारीक, म्हणून तिथे रेषा सरळ हव्यात, तिरक्या असल्या तर तडा तिथेच जातो. यंत्रणेखालच्या लोखंडी खुंटीमागे लाकूड नीट टेकायला हवं, नाहीतर धक्का एकाच कोपऱ्यावर बसतो. आणि घोड्यापासून खांद्यापर्यंतची लांबी ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे! दुसऱ्याच्या मापाचा दस्ता म्हणजे दुसऱ्याचे बूट. वजनाचा तोल बिघडला तरी तेच.

तोल म्हणजे काय, ते ११ एप्रिल १९३० ला चौगढच्या वाघिणीसमोर दिसलं. कॉर्बेट पक्ष्याची दोन अंडी डाव्या हातात घेऊन नाल्यातून येत होता (हा त्याचा छंद!), उजव्या हातात हलकी रायफल, छातीवर आडवी. वळून पाहतो तर आठ फुटांवर वाघीण. दोन्ही हात वापरायला गेला असता तर तिने उडी घेतली असती. एका हाताने तो नळी हळूहळू फिरवत गेला. दस्ता कुशीतून बाहेर निघाला, हात लांब ताणला गेला, वजन जाणवू लागलं. बोल्ट-अॅक्शन, म्हणजे एका हाताने दुसरी गोळी भरणंच अशक्य. एकच गोळी उडाली, तीच पुरली. जड दुनळी असती तर मनगट इतका वेळ टिकलं असतं का, मला शंका आहे.

१९४७ ला कॉर्बेट केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला न्येरी इथे वारला. ती रायफल त्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली, आणि पुढे रिग्बी कंपनीकडेच परत आली. दस्त्यावरची चांदीची पट्टी अजून तिथेच आहे.