जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सर सी. व्ही. रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून आपण हा दिवस पाळतो. आमच्या वर्गातल्या पाच जणांनी रामन यांच्यावरच लिहिले आहे. मी मात्र दुसऱ्या एका माणसावर लिहिणार आहे. त्यांचे नाव जॉन बॉईड डनलॉप. त्यांच्या शोधाची पहिली परीक्षा २८ फेब्रुवारीलाच झाली होती, पण रामन यांच्या चाळीस वर्षे आधी, १८८८ साली. शेजारी त्यांचे चित्र लावले आहे, ते मी काढले आहे. त्यांची दाढी खरंच एवढी मोठी होती.

मी त्यांनाच का निवडले ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात माझी आजी गोठ्यात घसरून पडली. तिची कंबर धरली. माझे चुलते तात्या यांच्याकडे जुनी लहान मोटार आहे. तिच्यातून आजीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. मी आजीचा हात धरून मागे बसले होते. आमच्या वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत नुसते दगड आणि खड्डे. गाडी लई उडायची. एकेका खड्ड्याला आजी कळवळायची आणि माझा हात घट्ट दाबायची. तात्या अगदी हळू चालवत होते, तरी उपयोग होईना. मला रडू आले. दवाखान्यात आजी बरी झाली, पण तो रस्ता माझ्या मनातून गेला नाही.

पुढे पेटी वाचनालयातल्या एका पुस्तकात मी डनलॉप यांच्याबद्दल वाचले. त्यांच्याही घरात एक जण हादऱ्यांनी हैराण झाला होता. तो त्यांचा मुलगा.

जॉन डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंड देशातील ड्रेगहॉर्न या गावी झाला. त्यांचे घराणे शेतकऱ्याचे. शेतावर जनावरे होतीच. पुढे ते एडिंबरो शहरात जनावरांच्या डॉक्टरकीचे शिक्षण शिकले. १८६७ साली ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. तिथे डाउनपॅट्रिक गावात त्यांनी आपल्या भावाबरोबर जनावरांचा दवाखाना काढला. नंतर ते बेलफास्ट या मोठ्या शहरात आले. त्या काळी मोटारी नव्हत्या. ट्राम, गाड्या, मालाचे छकडे सगळे घोडे ओढत. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला फार काम असे. डनलॉप यांचा दवाखाना चांगलाच वाढला. १८७१ साली त्यांचे लग्न झाले. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

मुलाला त्यांनी तीन चाकांची सायकल घेऊन दिली होती. तो तेव्हा माझ्याएवढाच होता, नऊ-दहा वर्षांचा. त्या सायकलीच्या चाकांना भरीव रबराची पट्टी असे. आत हवा नव्हती. बेलफास्टच्या रस्त्यांवर दगडी चिरे बसवलेले होते. त्यावरून सायकल खडखड करत जाई आणि पोराचे अंग ठेचून निघे. त्याने वडिलांकडे तक्रार केली. दुसरे कोणी असते तर सायकल चालवू नकोस म्हणून मोकळे झाले असते. डनलॉप विचार करू लागले.

हादरा का बसतो ते आमच्या गुरुजींनी वर्गात करून दाखवले. टेबलावर खडूचा तुकडा ठेवला आणि त्यावरून लाकडी फळी सरकवली. फळी वर उचलली गेली आणि तिच्यावरचा पेला सांडला. मग फळीखाली थोडी हवा भरलेला फुगा धरून सरकवली. फुगा खडूच्या जागी आत दबला आणि पेला थोडासाच हलला. म्हणजे कडक चाकाला दगडावर चढून उतरावे लागते. हवेचे चाक दगडाला पोटात घेते. चढण्यात जी ताकद वाया जाते तीही वाचते. म्हणून हवेचे चाक मऊ तर चालतेच, पण हलकेही चालते.

डनलॉप यांची रबराशी आधीपासून ओळख होती. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होते. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली होती. त्यामुळे चांगले रबर बाजारात मिळू लागले होते. डनलॉप यांनी १८८७ साली रबराच्या पातळ पत्र्याची एक नळी केली. ती लाकडाच्या गोल तबकडीभोवती बसवली. वरून कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून खिळे मारले. मग फुटबॉल फुगवायच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

आता खरे खोटे करायचे होते. त्यांनी घराच्या अंगणात मुलाच्या सायकलीचे जुने चाक जोराने ढकलले. ते थोडे गेले आणि आडवे पडले. मग तेवढ्याच जोराने हवेची तबकडी ढकलली. ती सारे अंगण ओलांडून गेली, दारावर आपटली आणि उलटी परत आली! हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून आमच्या अंगणात गेले. सायकलीचा टायर आणि एक जुने लाकडी चाक घेऊन मीही ढकलून पाहिले. लाकडी चाक लवकर पडले. टायर मात्र गोठ्यापर्यंत गेला आणि म्हैस बुजली, म्हणून आईने मला रागे भरले.

नंतर डनलॉप यांनी सायकलीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्री मुलगा सायकल घेऊन रस्त्यावर गेला. मला त्या मुलाचा फार हेवा वाटतो. हवेच्या टायरवर बसून गेलेला बेलफास्टमधला तो पहिलाच मुलगा. तो सायकल फिरवून आला आणि वडिलांची युक्ती बरोबर ठरली. त्याच वर्षी डनलॉप यांनी या शोधाचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे शोध आपला आहे असा सरकारचा कागद.

पुढच्या वर्षी, १८ मे १८८९ रोजी, बेलफास्टला सायकलींच्या शर्यती झाल्या. विल्यम ह्यूम नावाचा खेळाडू हवेचे टायर लावून उतरला. ते जाडजूड टायर पाहून लोक हसले. पण ह्यूमने त्या दिवशीच्या चारही शर्यती जिंकल्या. मग कोणी हसले नाही. डब्लिनचे व्यापारी हार्वे डू क्रॉस यांचे मुलगे सायकलपटू होते. डू क्रॉस यांना या टायरचे महत्त्व पटले. त्यांनी डनलॉप यांना बरोबर घेऊन १८८९ सालीच टायरची कंपनी काढली.

इथपर्यंत मी पहिल्यांदा लिहिले होते, आणि शेवटी लिहिले होते की हवेचा टायर जगात सर्वात आधी डनलॉप यांनी केला. गुरुजींनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि पुन्हा वाचायला सांगितले. पुन्हा वाचले तेव्हा कळले की ती ओळ चुकीची होती.

स्कॉटलंडच्याच रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. तेव्हा डनलॉप पाच वर्षांचे होते. थॉमसन यांनी रबर लावलेल्या कापडाची नळी करून वरून चामडे चढवले आणि ती चाके घोडागाडीला लावली. चाके चांगली चालली. पण ती फार महाग पडत होती, आणि सायकली व मोटारी तर अजून यायच्या होत्या. थॉमसन १८७३ साली वारले आणि लोक त्यांचा शोध विसरून गेले. डनलॉप यांना त्याची काही माहिती नव्हती. १८९० साली ही गोष्ट उघडकीस आली आणि डनलॉप यांचे मुख्य पेटंट रद्द ठरले.

मला फार वाईट वाटले. माझे काहीतरी कोणीतरी काढून घेतले असे वाटले. दोन दिवस मी लिहिलेच नाही. मग विचार केला. थॉमसन यांचा मान थॉमसन यांना दिलाच पाहिजे. त्यांनी आधी केले होते, तेही कोणाचे न बघता. पण डनलॉप यांनीही कोणाची नक्कल केली नव्हती. आणि त्यांचा टायर आला तेव्हा सायकली घरोघर येऊ लागल्या होत्या, म्हणून तो लोकांच्या उपयोगी पडला. विहीर एकाने खणली असेल, पण ती बुजून गेल्यावर दुसऱ्याने पुन्हा खणून गावाला पाणी दिले, तर आपण दोघांचेही नाव घेतो.

कंपनी मात्र बुडाली नाही. पहिले टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर झाले की काढता काढता पुरेवाट होई. चार्ल्स वेल्श नावाच्या माणसाने १८९० साली टायरच्या कडेत तार घालून तो काढता-घालता येईल असा केला. ते पेटंट कंपनीने विकत घेतले. आजही टायरच्या कडेत तार असते. जुना टायर कापलेला असेल तर मुलांनी जरूर बघावी.

सायकलीवरून हा टायर मोटारीवर गेला. १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची मोटारींची शर्यत झाली. मिशेलिन आडनावाच्या दोघा भावांनी हवेचे टायर लावलेली मोटार तिच्यात चालवली. वाटेत पुष्कळ पंक्चर झाले आणि ते जिंकले नाहीत. पण मोटार हवेवर चालू शकते हे सगळ्यांनी पाहिले.

डनलॉप यांनी त्याच वर्षी कंपनी सोडली. १८९६ साली ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली, पण त्या संपत्तीतला मोठा वाटा त्यांना मिळाला नाही. त्यांच्या दाढीवाल्या चेहऱ्याचे चित्र मात्र कंपनीची खूण झाले. उरलेले आयुष्य त्यांनी डब्लिनमध्ये साधेपणाने काढले. तिथे त्यांचा कापडाचा व्यापार होता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे आपल्या देशात बंगालमधील साहागंज येथे १९३६ साली डनलॉप नावाने टायरचा कारखाना सुरू झाला. तो आता बंद आहे, पण जुन्या माणसांना ते नाव पाठ आहे.

आता तात्यांच्या मोटारीचे सांगते. दिवाळीनंतर तात्यांनी गाडी दुरुस्त करायची ठरवली. टायर अगदी गोटा झाले होते. तात्यांना मोठी, चकचकीत अलॉयची चाके घालायची हौस होती. मी त्यांच्याबरोबर गॅरेजला गेले होते. जुन्या टायरवर १४५/८० आर १२ असे लिहिलेले होते. मिस्त्रींनी मला त्याचा अर्थ सांगितला. टायरची रुंदी १४५ मिलिमीटर. त्याच्या शंभरात ८० भाग एवढी टायरच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या धाग्यांची जात. आतले लोखंडी चाक १२ इंचाचे. मी पाटीवर गुणाकार केला. उंची ११६ मिलिमीटर आली.

मिस्त्री म्हणाले की १४ इंची चाक घातले तर टायर बाहेरून तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर तो पत्र्याला घासतो. मग आतले चाक दोन इंचांनी वाढले की टायरची भिंत दोन्ही बाजूंना एकेक इंचाने कमी होते. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर. मी ११६ मधून २५ वजा केले, ९१ उरले. म्हणजे आजी आणि दगड यांच्यामधली हवाच कमी झाली असती. सपाट सडकेवर अशी गाडी वळणाला घट्ट धरून चालते, पण आमच्या रस्त्याला ती सोसली नसती. तात्यांनी माझ्याकडे बघितले आणि जुन्याच मापाचे नवे टायर घेतले. वाचलेल्या पैशात पुढच्या बसलेल्या स्प्रिंगा बदलल्या आणि चारही शॉकअप नवे टाकले. बारीक दगड टायर गिळतो, मोठा खड्डा स्प्रिंग झेलते आणि स्प्रिंग उगाच नाचत राहू नये म्हणून शॉकअप तिला आवरतो. तिघांची कामे वेगळी आहेत.

गेल्या महिन्यात आजीला पुन्हा तपासायला नेले. रस्ता तोच होता. खड्डेही तेच होते. मी आजीचा हात धरून बसले होते. ओढ्याजवळचा मोठा खड्डा आला तेव्हा मी डोळे मिटले. गाडी खाली गेली आणि हळूच वर आली. आजीने हात दाबला नाही. बघितले तर तिला डुलकी लागली होती.

अंक वाचायला आलेल्या पालकांना माझी विनंती आहे की आपल्या सायकलीची, फटफटीची आणि मोटारीची हवा वेळच्या वेळी तपासावी. मोटारीत दाराजवळच्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो, तेवढीच भरावी. कमी भरली तर टायर कडांनी झिजतो आणि तापतो. जास्त भरली तर गाडी उडते आणि आजीला लागते.

डनलॉप यांनी मुलाची तक्रार ऐकली म्हणून आज सगळे जग हवेवर चालते. घरातले कोणी दुखते म्हणाले तर आपणही कान देऊन ऐकावे, असे मला त्यांच्या चरित्रावरून वाटते. जॉन डनलॉप यांना आणि रॉबर्ट थॉमसन यांनाही माझा नमस्कार.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी