जुन्नरला राजधानी आणणारे मलिक अंबर

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना आम्ही शिवनेरी दाखवतो, तेव्हा मलिक अंबर यांचं नावही आवर्जून सांगतो. जन्म इथिओपियात, १५४८ च्या सुमारास. घरचं नाव चापू. लहान वयातच गुलाम म्हणून विकले गेले, हातोहात फिरत बगदादमार्गे दख्खनेत पोहोचले. इथे निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांनी त्यांना विकत घेतलं. त्यांच्याकडे ते कारभार शिकले. चंगेज खान वारल्यावर स्वतंत्र झाले.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. अंबर यांनी मात्र हिंमत सोडली नाही. त्यांनी नवा निजामशहा गादीवर बसवला, पुढे जुन्नरला राजधानी केली. मोठ्या फौजेपुढे त्यांचं बळ एकच: घाट, खिंडी अन् आडवाटांची माहिती. मराठा सरदारांना सोबत घेऊन गनिमी काव्याने त्यांनी मोगलांना जेरीस आणलं.

नुसत्या लढाया केल्या असं नाही. खडकी शहर वसवलं, म्हणजे पुढचं औरंगाबाद. तिथल्या लोकांसाठी जमिनीखालून नहर आणली. १६२६ मध्ये इंतकाल झाला. कबर खुलताबादला आहे.

डोंगर ओळखणं अन् लोकांना पाणी देणं, स्काउटमध्ये आम्ही तरी दुसरं काय शिकवतो? मुलं-मुली शिबिराला जायचं म्हणाली, तर अभ्यास बुडेल म्हणून अडवू नका.