विद्येचे ऋण आणि बेथ्यूनबाई

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत परीक्षेतील गुणांप्रमाणेच कृष्णवर्णीय समाजाच्या सेवेसाठीही विद्यार्थ्यांना पारितोषिके दिली जातात. पदवीदानाच्या झगमगाटात त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसेल. परंतु शिकलेल्याने आपल्या विद्येचा काही अंश समाजाला परत करावा, या कल्पनेमागे मोठा इतिहास आहे. तो ज्यांनी घडविला त्यांत मेरी मॅक्लाऊड बेथ्यून यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

बेथ्यूनबाईंचा जन्म १० जुलै १८७५ रोजी दक्षिण कॅरोलायनातील मेझव्हिल गावाजवळ झाला. आईवडील गुलामगिरीत वाढलेले, सतरा भावंडांतील ही पंधरावी. बालपण कापूस वेचण्यात गेले. एकदा गोऱ्या मालकाच्या घरी तिने कुतूहलाने पुस्तक हाती घेतले, तेव्हा तुला कुठे वाचता येते, असे सुनावून तेथील मुलीने ते खाली ठेवायला लावले. हा सल बाईंच्या मनातून कधीच गेला नाही. पुढे मिशनची शाळा निघाली. मैलोगणती पायपीट करून मेरी शिकू लागली आणि दिवसा शिकलेले संध्याकाळी घरच्यांना शिकवू लागली. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांच्या कापसाचा हिशेबही ती मांडून देई, असे सांगतात. हिशेब न कळणाऱ्याला व्यापारी कसे नाडतो, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

पुढील शिक्षणाचा खर्च दूर डेन्व्हर येथे शिवणकामावर उदरनिर्वाह करणाऱ्या एका क्वेकर पंथीय स्त्रीने उचलला. स्वतः तुटपुंजे मिळवणाऱ्या बाईने न पाहिलेल्या मुलीला दिलेली ही शिष्यवृत्ती! शिक्षण संपल्यावर मेरीला आफ्रिकेत धर्मप्रचारक म्हणून जावयाचे होते. पण कृष्णवर्णीयांना तेथे जागा नाही, असे उत्तर मंडळाकडून आले. ज्यांची सेवा करावयाची ते लोक आपल्या दाराशीच आहेत, हे मग त्यांच्या ध्यानी आले.

३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लॉरिडातील डेटोना येथे भाड्याच्या घरात त्यांनी मुलींची शाळा उघडली. जवळ दीड डॉलर, पाच मुली आणि स्वतःचा लहानगा मुलगा. खोक्यांची बाके, जळक्या लाकडाच्या पेन्सिली आणि रानफळांच्या रसाची शाई. पुढे जी जमीन घेतली ती गावचा उकिरडा होती, आणि तिचा पाच डॉलरचा विसार बाईंनी आइस्क्रीम व रताळ्याचे गोड पदार्थ विकून भरला. हिवाळ्यात डेटोनास येणाऱ्या धनिकांच्या दारी त्या निःसंकोचपणे झोळी घेऊन जात. साबणाच्या धंद्यातले गॅम्बल, शिवणयंत्रांचे कारखानदार व्हाइट यांसारखी माणसे त्यांनी शाळेला जोडली. गोऱ्यांपुढे हात पसरण्याबद्दल त्यांना दूषणेही मिळाली. या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. देणगीदारांना रुचेल असे स्वयंपाक व शिवणाचे शिक्षण आरंभी ठळकपणे पुढे ठेवावे लागले. परंतु त्याच पैशातून बाईंनी माध्यमिक वर्ग काढले आणि १९२३ मध्ये कुकमन संस्थेशी एकीकरण होऊन पुढे त्याचे महाविद्यालय झाले. शिकण्यासाठी आत यावे आणि सेवेसाठी बाहेर पडावे, हे तेथील ब्रीद.

ते भिंतीवर शोभेसाठी लिहिलेले नव्हते. जंगलात टर्पेंटाईन काढणाऱ्या मजुरांच्या वस्त्या हे फ्लॉरिडातील दैन्याचे आगर होते. तेथे बाई आपल्या विद्यार्थिनींना घेऊन जात आणि मुले व मोठी माणसे दोघांनाही शिकवीत. एका आजारी विद्यार्थिनीला गोऱ्यांच्या रुग्णालयाने स्वयंपाकघरामागच्या पडवीत ठेवले, तेव्हा बाईंनी १९११ मध्ये स्वतःचेच रुग्णालय काढले. तेथे मुली परिचारिकेचे शिक्षण घेत आणि शहरातील कृष्णवर्णीयांची शुश्रूषा करीत. १९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर बाईंनी मतदार नोंदणीची मोहीम उघडली. मतदानाच्या आदल्या रात्री कू क्लक्स क्लॅनचे बुरखाधारी शाळेच्या आवारात चालून आले. बाई दारात उभ्या राहिल्या, मुलींनी स्तोत्रे म्हटली. दुसऱ्या दिवशी कृष्णवर्णीय मतदार रांगेत हजर होते.

१९३५ साली त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले. पण त्यानंतरचे काम पदकाहून मोठे होते. १९३६ पासून रूझवेल्ट यांच्या राजवटीत राष्ट्रीय युवक प्रशासनाच्या कृष्णवर्णीय विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. कमवा व शिका या धर्तीवर गरीब विद्यार्थ्यांना तेथून मदत मिळे. उच्च शिक्षणासाठी बाईंनी वेगळा निधी मिळविला आणि चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झाला. गोऱ्यांनी केलेला एकेरी उल्लेख मात्र त्यांनी खपवून घेतला नाही. श्रीमती बेथ्यून म्हणा, असा त्यांचा आग्रह असे. या आग्रहाला कोणी अहंकार म्हणेल. ज्या समाजातील वृद्धांनाही पोरासारखी हाक मारली जाई, त्याला त्याचे मोल ठाऊक होते.

शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. तो पाहून एक वर्ष आणि एका दिवसाने, १८ मे १९५५ रोजी, बाईंनी देह ठेवला. त्यांची समाधी विद्यालयाच्या आवारातच आहे. वॉशिंग्टनच्या संसद भवनात फ्लॉरिडाच्या वतीने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा अनेक दशके उभा होता. २०२२ मध्ये त्याच्या जागी बेथ्यूनबाईंचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला.