नामदार गोखले व गरिबाचा हिशेब

राज्याचा जमाखर्च हा विषय विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो, आणि वडील माणसांसही तो फारसा प्रिय नसतो. परंतु आकड्यांच्या त्या लांबलचक रांगांतच गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठ, त्याच्या मुलाची शाळा आणि दुष्काळात त्याच्या घरी चूल पेटणार की नाही, यांचा निकाल लागत असतो. हे ओळखून ज्यांनी आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे त्या आकड्यांच्या अभ्यासात वेचली, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र येथे संक्षेपाने सांगावयाचे आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली त्यांचा अंत झाला, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. घरात पैसा नव्हता. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले व दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास कोल्हापूरला शिकण्याकरिता पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत सर्व कुटुंबाचा गाडा हाकीत. या ८ रुपयांची आठवण गोपाळरावांस जन्मभर पुरली. पुढे कोट्यवधी रुपयांच्या अंदाजपत्रकावर बोलताना त्यांच्या दृष्टीपुढे एका रुपयाची किंमत जाणणारे घर नेहमी उभे असे.

त्यांच्या बालपणाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. घरी करावयास दिलेली उदाहरणे सर्व बरोबर आली म्हणून गुरुजींनी त्यांस वर्गात वरचा क्रमांक दिला, तेव्हा आनंद होण्याऐवजी बाळ गोपाळ रडू लागला. कारण त्यांतील एक उदाहरण त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडविले होते. ही गोष्ट सांगण्यात कोणी पदरची भर घातली असेलही. पण पुढील आयुष्यात खोट्या आकड्याचा त्यांस जो तिटकारा होता, त्याच्याशी ती पूर्णपणे जुळते.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर सरकारी नोकरीच्या मोठ्या पगाराकडे न वळता ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवू लागले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून बहुत वर्षे चालले. याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची व त्यांची गाठ पडली. रानड्यांनी या तरुण शिक्षकास सरकारी अहवाल वाचावयास, त्यांतील आकडे पारखावयास आणि एकेक विधान तावून सुलाखून मगच लिहावयास शिकविले. शिक्षकी पेशातील दुसरे अभ्यासू गृहस्थ गणेश व्यंकटेश जोशी यांचेही साहाय्य त्यांस लाभले. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. ब्रिटिश मुत्सद्द्यांच्या उलटतपासणीस ते न डगमगता तोंड देऊ शकले, ते या तयारीच्या बळावर.

परंतु त्याच वर्षी त्यांच्यावर मोठा कठीण प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगची साथ चालू होती, व तिच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडती घेतली जात होती. शिपायांच्या अत्याचाराच्या बातम्या मित्रांच्या पत्रांवरून गोखल्यांस कळल्या व त्यांनी त्या विलायतेत प्रसिद्ध केल्या. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले. पण ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांपैकी कोणी पुढे येऊन साक्ष देण्यास तयार होईना. मित्रांची नावे उघड करणे त्यांस पटेना, आणि सिद्ध न करता येणारा आरोप कायम ठेवणेही पटेना. त्यांनी जाहीर रीतीने बिनशर्त माफी मागितली. पुष्कळांनी त्यांस भित्रे म्हटले. गोखले त्या निंदेने फार खिन्न झाले, पण घरात तोंड लपवून बसले नाहीत. प्लेगपीडितांच्या सेवेत ते स्वतः राबले. पुराव्यावाचून शब्द उच्चारावयाचा नाही, हा धडा त्यांनी या दुःखातून कायमचा घेतला.

१९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांचे पहिले अंदाजपत्रकावरील भाषण झाले. सरकारी तिजोरीत सतत काही वर्षे शिल्लक पडत होती, व ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोखल्यांनी रिवाजाप्रमाणे अभिनंदन करण्याचे नाकारले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. विलायतेत पाठवावयाच्या पैशासाठी रुपयाचा भाव उतरलेला असताना अधिक रुपये लागत, म्हणून कर वाढविण्यात आले. पुढे रुपयाचा भाव वाढला व तितके रुपये लागेनासे झाले. पण कर मात्र तसेच राहिले. म्हणजे जी शिल्लक दिसते ती रयतेच्या खिशातून गरजेपेक्षा जास्त काढलेली रक्कम होय. याच वर्षांत १८९६–९७ व १८९९–१९०० चे दुष्काळ पडले, प्लेगने घरे ओस पडली. जेथे प्रजा उपाशी तेथे तिजोरी भरली म्हणून राज्य सुखी म्हणता येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले.

मग मिठाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. श्रीमंत मनुष्य मीठ काही दहापट खात नाही. म्हणून हा कर गरिबासच अधिक जाचतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी तो मुद्दा वर्षामागून वर्ष लावून धरला. १९०३ साली कर दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर व १९०७ साली एक रुपयावर आला. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. परंतु शांतपणे व पुनःपुन्हा मांडलेले सत्य सत्ताधाऱ्यांसही अगदी टाळता येत नाही, हे यावरून दिसते.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशसेवा ही फावल्या वेळची करमणूक नसून तिला अभ्यास व शिस्त लागते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून सभासदांस अल्प वेतनात राहून काही वर्षे अभ्यास करावा लागे. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी व आदिवासींचे सेवक ठक्करबाप्पा हे याच समाजातून पुढे आले. १९१० साली नाताळात करारबंद मजूर पाठविणे थांबवावे असा ठराव गोखल्यांनी आणला व तो सरकारने मान्य केला. १९१२ साली प्रकृती ढासळलेली असतानाही ते दक्षिण आफ्रिकेस जाऊन तेथील हिंदी बांधवांची स्थिती पाहून आले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रयत्न मात्र यशस्वी झाला नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे, ही मागणी १८८२ सालीच जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे केली होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली ती आपल्या सर्व राज्यात अमलात आणली. १९११ च्या मार्च महिन्यात गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात तशा प्रकारचे बिल मांडले. ते अत्यंत सावध होते. जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच पुरेसे असेल, तेथील म्युनिसिपालिटीने किंवा लोकल बोर्डाने सरकारच्या परवानगीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस सक्ती करावी. दरमहा १० रुपयांहून कमी प्राप्तीच्या पालकांकडून फी घेऊ नये, अशी त्यात तरतूद होती. मुलींस सक्ती प्रथम लागू करावयाची नव्हती; ही त्या बिलातील उणीवच म्हटली पाहिजे. एवढे सौम्य बिलही मान्य झाले नाही. पैसा कोठून आणावयाचा, शेतावर राबावयास मुले कशी मिळतील, लोकांस हे हवेच कोठे आहे, असे आक्षेप निघाले. इंग्लंड व जपान यांचे दाखले देऊन गोखल्यांनी त्यांस उत्तरे दिली. अखेर मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी बिल फेटाळले गेले, आणि विरोध करणाऱ्यांत काही हिंदी सभासदही होते. हा पराभव गोखल्यांस अनपेक्षित नव्हता. आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशातूनच सेवा करणे आले आहे, हे त्यांनी कडवटपणा न आणता स्वीकारले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद झाले ते लोकमान्य टिळक स्मशानात त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. गोखल्यांचे बिल मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही. कोल्हापुरात, जेथे ते ८ रुपयांवर शिकले, तेथे शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला. आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास व मुलीस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. बिल फेटाळल्यापासून यास अठ्ठ्याण्णव वर्षे लागली.

विद्यार्थी मित्रांनो, गोखल्यांपाशी सैन्य नव्हते, संपत्ती नव्हती, मोठा अधिकारही नव्हता. सामाजिक दुःख पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. त्या दुःखाचे मोजमाप करून, त्यावरील उपायाचा खर्च मांडून, तो कोणी सोसावा हे निर्भयपणे सांगणारे थोडे असतात. गोखले त्या थोड्यांपैकी होते. आणि पालकांनी गोविंदरावांस विसरू नये. त्यांचे नाव इतिहासात मोठ्या अक्षरांनी लिहिलेले नाही. परंतु १५ रुपयांतून ८ रुपये बाजूला काढणाऱ्या त्या थोरल्या भावावाचून हिंदुस्थानास नामदार गोखले लाभले नसते. जे त्या भावाने एका मुलासाठी केले, ते सरकारने सर्व मुलांसाठी करावे, एवढेच गोखल्यांचे मागणे होते.