संत योहान बॉस्को व त्यांची माउली

ज्युबिलीच्या या अंकात एखाद्या संताचे चरित्र असावे असा मंडळींचा आग्रह पडला, तेव्हा आम्ही संत योहान बॉस्को यांचे नाव सुचविले व ते सर्वांस एकदम पसंत पडले. डॉन बॉस्को हे नाव आपल्याकडे ठाऊक नाही असे घर विरळा. माटुंग्यास त्यांच्या नावाची शाळा व मरियामातेचे मंदिर आहे, आणि आपल्यापैकी कित्येकजण तेथे भक्तिभावाने जाऊन आले आहेत. परंतु लिहावयास बसलो तो असे झाले की, लेखणी मुलाकडे वळवावी आणि ती आपण होऊन आईकडे जावी. अखेर तिला तिच्या वाटेने जाऊ देणेच आम्हांस योग्य वाटले.

इटलीच्या उत्तरेस पिएमोंट प्रांतात, ट्युरिन शहरापासून एका दिवसाच्या पायवाटेवर, बेक्की नावाची लहानशी वाडी आहे. तेथे दिनांक 16 ऑगस्ट 1815 रोजी योहानाचा जन्म झाला. बाप फ्रान्सिस हा गरीब शेतकरी. मुलगा पुरता दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच 1817 च्या मे महिन्यात फुफ्फुसाच्या विकाराने बाप ख्रिस्तवासी झाला. मागे राहिली ती एकोणतीस वर्षांची विधवा मार्गारीटाबाई, तिची वृद्ध सासू, आणि तीन मुलगे: पहिल्या बायकोपासून झालेला आंतोनियो, आणि मार्गारीटाबाईंच्या पोटचे जोसेफ व योहान. त्याच सुमारास देशात दुष्काळ पडला. पैसा देऊनही धान्य मिळेना, तेव्हा या बाईंनी शेजाऱ्याच्या मदतीने गोठ्यातले वासरू मारून घरातल्या माणसांच्या तोंडी घास घातला. पुढे त्यांस पुनर्विवाहाचे चांगले स्थळ आले. मुलांची व्यवस्था पालकाकरवी लावून देण्याचेही वचन होते. बाईंनी नकार दिला. पालक हा मुलांचा मित्र होऊ शकेल, आई होऊ शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

बाईंस अक्षरओळख नव्हती. पण प्रश्नोत्तरी त्यांस मुखोद्गत होती, आणि मुलांस ती त्यांनीच शिकविली. उपवासकाळात योहानास पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार करताना तीन वेळा त्यास स्वतः पापनिवेदनास नेले, आणि 1826 च्या पुनरुत्थानाच्या सणास तो संस्कार घडल्यावर त्या दिवशी त्यास कामास लावले नाही. वाचन व प्रार्थना यांतच दिवस घालवू दिला. डॉन बॉस्कोंनी उतारवयात पोपमहाराजांच्या आज्ञेवरून आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचा हा दिवस त्यांस तपशीलवार आठवत होता.

घराच्या कोपऱ्यात एक छडी उभी असे. ती मुलांनी रोज पाहावी, परंतु पाठीवर ती कधी पडली नाही. योहान आठ वर्षांचा असेल, आई बाहेर गेली असता उंचावरची काही वस्तू काढावयास तो खुर्चीवर चढला आणि तेलाचे भांडे खाली येऊन फुटले. जमीन पुसली, खापऱ्या उचलल्या, परंतु तेलाचा डाग काही जाईना. तेव्हा हे चिरंजीव कुंपणात गेले, एक चांगली काठी तोडली, तिची साल काढून तीवर नक्षी कोरली, आणि आई परत येताच सर्व हकीगत सांगून ती काठी तिच्या हाती दिली. आईस हसू आले. तिने क्षमा केली व पुढे जपून वागण्यास सांगितले. आमच्या अनुभवात अशी मुले फार थोडी. बहुतेक मुले डाग लपवितात, कारण तो कबूल केल्यास काय होईल हे त्यांस पक्के ठाऊक असते. 1877 साली डॉन बॉस्कोंनी आपल्या शिक्षणपद्धतीवर लहानसा निबंध लिहिला. शिक्षेपेक्षा सहवासाने, विवेकाने, धर्माने व ममतेने मूल सांभाळावे असे त्यात सांगितले आहे. विद्वान त्याची मुळे नाना ग्रंथांत शोधतात. आम्हांस तर ते मूळ बेक्कीच्या त्या कोपऱ्यात दिसते.

नवव्या वर्षी योहानास ते प्रसिद्ध स्वप्न पडले. दांडगाई करणारी मुले, त्यांवर मुष्टिप्रहार करणारा तो, आणि मारून नव्हे तर मायेने त्यांस जिंकावयास सांगणारा एक तेजस्वी पुरुष. सकाळी घरात चर्चा झाली. जोसेफ म्हणाला की, हा मेंढपाळ होणार. आंतोनियोने त्यास दरोडेखोरांचा नायक ठरविले. आजीने स्वप्नांकडे लक्ष देऊ नये असे सांगितले. आई एवढेच बोलली की, कोण जाणे, हा धर्मगुरूही होईल. नंतर तिने तो विषय वाढविला नाही. योहान दोरीवर चालून, कसरती करून गावची पोरे जमवी व त्यांच्याकडून जपमाळ म्हणवून घेई. आईस हे सर्व माहीत होते. तो तिला विचारल्याशिवाय काही करीत नसे, आणि ती सर्व पाहून त्यास करू देई.

यापुढचा प्रसंग मात्र आम्ही जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो. योहानास शिकावयाचे होते. आंतोनियो आता कर्ता पुरुष झाला होता. पुस्तकावाचून आपण धडधाकट वाढलो, मग या पोरासच लॅटिन कशास, हा त्याचा सवाल. रोज तंटा, कधी हातघाई. बाईंस सावत्र मुलाविरुद्ध पोटच्या मुलाची बाजू घेणे सोपे होते, आणि न्यायही कदाचित त्याच बाजूस होता. परंतु त्यांनी आंतोनियोस कधी सावत्र मानले नव्हते, व बापाच्या जमिनीवर त्याचाही हक्क होता. 1828 च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, त्यांनी बारा वर्षांच्या योहानास लहानसे गाठोडे बांधून दिले आणि चाकरी शोधावयास घराबाहेर पाठविले. मोलिया नावाच्या शेतकऱ्याकडे तो गडी म्हणून राहिला तो पुढल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत.

ही कठोर आई नव्हे काय? आमच्याकडे पुष्कळ माता येतात व मुलास चार शब्द सुनवा असे सांगतात, परंतु त्यास आपल्यापासून दूर पाठवावयास त्यांचे मन घेत नाही. बाईंचेही घेत नसावे. घर मोडू न देता मुलाचे भविष्य राखण्याचा दुसरा मार्ग त्यांस दिसला नाही, इतकेच. 1829 च्या अखेरीस योहान परतल्यावर वृद्ध फादर कालोस्सो यांनी त्यास शिकविण्यास आरंभ केला. वर्षभरात तेही वारले. शेवटी वाटणी झाली, आणि 1831 साली मुलगा किएरीच्या शाळेत गेला.

पुढे त्याच्या मनात फ्रान्सिस्कन संघात जाण्याचे आले. हे कळताच गावच्या धर्मगुरूंनी बाईंची भेट घेतली. मुलगा धर्मप्रांताचा धर्मगुरू झाला तर म्हातारपणी आधार होईल, तरी त्याचे मन वळवावे, असा सल्ला त्यांनी दिला. (आम्हां धर्मगुरूंचेही सल्ले कधीकधी असे व्यवहारी असतात.) बाई उठून किएरीस गेल्या व मुलास निराळेच सांगून आल्या: नीट विचार करून देवाची हाक असेल तिकडे जावे, आईचा विचार मुळीच करू नये, गरिबीत जन्मलो, गरिबीत मरू, आणि दुर्दैवाने तो श्रीमंत धर्मगुरू झाला तर त्याच्या घरी आपण पाऊल टाकणार नाही. योहान पुढे सेमिनरीत गेला व 5 जून 1841 रोजी ट्युरिन येथे त्यास गुरुदीक्षा मिळाली.

ट्युरिनमध्ये तेव्हा गावोगावची पोरे गवंडीकामास व कारखान्यांत येत, आणि कित्येक रस्त्यावर निजत. डॉन बॉस्कोंनी त्यांस जमविण्यास सुरुवात केली, वाल्दोक्को भागात एक पडवी मिळविली, आणि 1846 च्या जुलैत श्रमाने मरणाच्या दारी गेले. बरे झाल्यावर एकट्याने तेथे राहणे शक्य नव्हते. त्यांनी आईस विचारले. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, जोसेफच्या घरी नातवंडांत सुखी. देवाची इच्छा असेल तर येते, असे त्या म्हणाल्या. दिनांक 3 नोव्हेंबर रोजी मायलेक पायी निघाले. त्यांच्या हाती कपड्यांची टोपली, मुलाच्या हाती प्रार्थनाग्रंथ. शहराजवळ फादर व्होला भेटले. दोघांजवळ पैसा नाही असे पाहून त्यांनी आपले घड्याळ काढून दिले.

लग्नातले उंची कपडे वेदीच्या वस्त्रांकरिता गेले, सोन्याची साखळीही विकली गेली. आसरा दिलेली काही पोरे रात्री पांघरुणे घेऊन पळून गेली. तरीही 1847 च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ पोर दाराशी आला, तेव्हा बाईंनी त्यास जेवू घातले, विटा व फळ्या मांडून स्वयंपाकघरात बिछाना केला, आणि निजण्यापूर्वी त्यास प्रामाणिकपणा, काम व देवभक्ती यांविषयी चार शब्द सांगितले. डॉन बॉस्कोंच्या संस्थांतून रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांस अजूनही चार शब्द सांगतात. त्या वहिवाटीचा उगम हा.

बाई दगडाच्या नव्हत्या. एके दिवशी पोरांनी लुटुपुटीच्या लढाईत त्यांचा भाजीचा मळा तुडविला. त्या मुलाकडे गेल्या. फाटके कपडे, हरवलेली भांडी, आता हे. आपणास बेक्कीस जाऊ द्यावे, म्हणाल्या. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केले. बाईंनी पाहिले, आणि परत कामास गेल्या. घरी जाण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

1856 च्या नोव्हेंबरात त्यांस फुफ्फुसाचा दाह झाला. अखेरच्या रात्री मुलाचे दुःख पाहवेना, म्हणून त्यांनीच त्यास खोलीबाहेर जावयास सांगितले. बेक्कीहून पाठवितानाही त्यांनी असेच केले होते. 25 नोव्हेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास जोसेफ बातमी घेऊन आला. त्यांची कबर आज कोठे दाखविता येत नाही. त्यांचा जन्म 1 एप्रिल 1788 चा. मुलास संतपद मिळाले ते 1 एप्रिल 1934 रोजी. आणि खुद्द त्यांस ख्रिस्तसभेने 2006 साली पूजनीय ठरविले.

त्या पहाटे डॉन बॉस्को एका मुलास बरोबर घेऊन कोन्सोलाता मातेच्या मंदिरात गेले. त्यांनी आईसाठी मिस्सा अर्पण केली. नंतर मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी मरियामातेस विनविले की, आपण व आपली मुले आता पोरकी झाली आहोत, तरी रिकामी झालेली ती जागा तिने घ्यावी.