सदाशिवरावभाऊ पेशवे

दिल्लीहून कर्नालकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे नव्वद किलोमीटर अंतरावर पानिपत हे शहर आहे. या शहरापासून आठ किलोमीटरवर ‘काला अंब’ नावाचे एक स्थान आहे. तेथे कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ उभा असून त्यात लोखंडी गज बसविलेला आहे. एके काळी या ठिकाणी एक आंब्याचे झाड होते. रणभूमीवर सांडलेल्या रक्तामुळे त्या झाडाचा रंग काळवंडला, अशी कथा त्या परिसरातील लोक सांगत आले. झाड आज नाही. नाव मात्र टिकून राहिले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी याच जागेवरून युद्धाचे संचालन केले, अशी परंपरा आहे. सेनेच्या मध्यभागी उभे राहून त्यांनी त्या दिवशी काय केले आणि मध्यभाग सोडल्यावर काय घडले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या जीवनाची ओळख करून घ्यावी लागते.

सदाशिवरावांचा जन्म ऑगस्ट १७३० मध्ये सासवड येथे झाला. थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा हे त्यांचे वडील. जन्मानंतर महिना होतो न होतो तोच मातोश्री रखमाबाई निवर्तल्या. पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकून कीर्ती मिळविणारे चिमाजीअप्पाही इ. स. १७४० च्या डिसेंबरात वारले. बाजीराव त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले होते. दहा वर्षांच्या या पोरक्या मुलाचा सांभाळ आजी राधाबाई यांनी केला. चुलतबंधू नानासाहेब आता पेशवे झाले होते. सदाशिवरावांना राज्यकारभाराचे धडे रामचंद्रबाबा सुखटणकर या अनुभवी मुत्सद्द्याकडून मिळाले. हिशेब तपासणे, वसुलाची चौकशी करणे, कागदपत्रांतील खोच ओळखणे या गोष्टी त्यांनी लहान वयातच आत्मसात केल्या.

इ. स. १७४६ च्या अखेरीस ते पहिल्या मोहिमेवर कर्नाटकात गेले. वय अवघे सोळा वर्षांचे. पण सावनूरच्या नवाबाविरुद्धच्या त्या मोहिमेतून ते यशस्वी होऊन परतले. पुढे १७५० मध्ये सांगोल्यास झालेल्या बंदोबस्तातही त्यांचा पुढाकार होता. त्यानंतर नानासाहेबांनी पुण्याचा कारभार त्यांच्या हाती सोपविला. दहा वर्षे पेशव्यांच्या दफ्तराचे केंद्रस्थान म्हणजे भाऊसाहेब, असेच चित्र होते. सरदारांकडे थकलेली बाकी, फौजेचा खर्च, प्रांतोप्रांतीच्या वसुलाची कमी-जास्त या सर्वांवर त्यांची करडी नजर असे. शिस्त त्यांना प्रिय होती आणि ढिलाई मुळीच खपत नसे. या स्वभावाने कारभार सुधारला, तसे काही सरदार दुखावलेही गेले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. १७६० पूर्वी भाऊसाहेबांनी उत्तर हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. तेथील नद्या, पावसाळा, स्थानिक राजेरजवाडे यांची त्यांची ओळख कागदावरची होती.

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर येथे त्यांनी निजामाचा पराभव केला. सुमारे साठ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड यांसारखी ठाणी मराठ्यांना मिळाली. भाऊसाहेबांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा विजय होय. पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेला इब्राहीमखान गारदी या सुमारास पेशव्यांच्या पदरी आलेला होता. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले पायदळ आणि नेमका मारा करणारा तोफखाना ही त्याची ताकद होती. शिस्तबद्ध पायदळ आणि तोफा यांवर भाऊसाहेबांचा विश्वास दृढ झाला. मराठ्यांची जुनी रीत याहून अगदी निराळी होती. वेगाने यावे, शत्रूवर छापा घालावा आणि तो सावध होण्यापूर्वी दिसेनासे व्हावे, हा गनिमी कावा त्यांच्या अंगवळणी पडला होता. मल्हारराव होळकरांसारखे वृद्ध सरदार त्यातच मुरलेले होते.

उदगीरच्या विजयाच्या सुमारासच उत्तरेकडून वाईट बातमी आली. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे यांना वीरमरण आले होते. अफगाणिस्तानचा राजा अहमदशहा अब्दाली आणि रोहिल्यांचा प्रमुख नजीबखान एकत्र आले होते. पटदूर येथे विचारविनिमय होऊन भाऊसाहेबांना उत्तरेत पाठवण्याचे ठरले. १४ मार्च १७६० रोजी त्यांनी कूच केले. नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासराव त्यांच्यासोबत होते. लौकिकदृष्ट्या विश्वासराव हे मोहिमेचे धनी आणि भाऊसाहेब त्यांचे सेनापती, अशी रचना होती. विश्वासरावांचे वय अठराच्या आसपास, तर सेनापतीचे वय तीसदेखील पूर्ण झालेले नव्हते.

सेनेबरोबर बायका, मुले, यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर असा मोठा जमाव होता. लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांचीच संख्या अधिक होती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई याही सोबत होत्या. ऐन पावसाळ्यात दिल्ली हस्तगत झाली, पण पैसा हाती आला नाही. फौजेचा पगार भागविण्यासाठी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. भरतपूरचा जाट राजा सूरजमल हा या वेळी मराठ्यांना सोडून गेला. धान्य आणि स्थानिक माहिती पुरवू शकणारा उत्तरेतील एक मोठा आधार त्यामुळे तुटला.

१७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा जिंकले. तेथे धान्य मिळाले, शत्रूचा खजिना मिळाला. परंतु भाऊसाहेब उत्तरेकडे गुंतले असताना अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. आता दिल्ली आणि मराठे यांच्यामध्ये अब्दाली उभा राहिला. अब्दाली आणि त्याचा स्वदेश यांच्यामध्ये मराठे. पानिपत येथे भाऊसाहेबांनी छावणीभोवती खंदक खणला, तोफा रचल्या आणि ते थांबले. अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर राहिली. अब्दालीला यमुनेपलीकडून रसद मिळत होती. मराठ्यांची रसद मात्र हळूहळू बंद पडली. ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात शत्रूच्या रसदेवर छापे घालणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत जनावरे चाऱ्यावाचून मरू लागली. थंडी कडाक्याची होती आणि दक्षिणेतून आलेल्या माणसांजवळ पुरेसे कपडेही नव्हते. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढावी, असा निर्णय झाला.

ही वाट काढण्यासाठी भाऊसाहेबांनी जी रचना योजली, तिला गोल असे म्हणतात. पुढे तोफा आणि गारद्यांचे पायदळ, बाजूंना घोडदळ, मध्यभागी सेनापतीची हुजुरात आणि पाठीशी बायकामुलांचा जमाव. ही सारी चौकट न मोडता, पायदळाच्या चालीने दक्षिणेकडे सरकत जायची आणि शत्रूची फळी फोडून वाट काढायची, असा बेत होता. डाव्या बाजूस आठ-नऊ हजार गारद्यांसह इब्राहीमखान होता. त्याच्या शेजारी विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड. मध्यभागी जरीपटका, हत्तीवर भाऊसाहेब आणि जवळच विश्वासराव. उजवीकडे जनकोजी शिंदे आणि टोकाला मल्हारराव होळकर.

अशा रचनेत मध्यभागाचे महत्त्व किती असते, हे एखाद्या सांघिक खेळाच्या उदाहरणाने लवकर समजेल. बास्केटबॉलमध्ये ‘सेंटर’ म्हणून खेळणारा उंच खेळाडू टोपलीजवळ उभा राहतो. तो किती आत वा किती बाहेर उभा आहे, यावर उरलेल्या चौघांच्या धावण्याच्या वाटा ठरतात. तो चेंडूच्या मागे धावू लागला, तर सोबत्यांना चेंडू कोणाकडे टाकावा हेच उमगत नाही आणि चढाईचा आकार विस्कटतो. गोलाच्या लढाईत सेनापतीचे स्थान असेच असते. शिवाय त्या काळी दूरवर आज्ञा पोहोचविण्याचे आजच्यासारखे कोणतेही साधन नव्हते. धुरळ्यात आणि धुरात सैनिकाला एकच खूण दिसे, ती म्हणजे हत्तीवरील अंबारी आणि तिच्याजवळचे निशाण. ती जागेवर आहे तोवर सेना आहे, असे तो मानत असे.

१४ जानेवारीच्या सकाळी युद्धाला तोंड लागले. डाव्या बगलेवर गारद्यांनी अपूर्व पराक्रम केला. त्यांच्यासमोरील रोहिल्यांची फळी कोलमडू लागली. नेमक्या याच वेळी रचनेला पहिली चीर पडली. विंचूरकर आणि गायकवाड यांच्या घोडेस्वारांना पायदळाच्या संथ चालीने चालणे सोसले नाही. विजय समोर दिसताच ते गारद्यांच्या पुढे धावले. त्यामुळे स्वतःच्याच तोफांच्या माऱ्याआड आपली माणसे आली आणि गोळाबारी थांबवावी लागली. रोहिल्यांच्या बंदुकांपुढे ते घोडदळ टिकू शकले नाही. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्यांनी जन्मभर वेगावर विजय मिळवले, त्यांना एका दिवसात पावलापावलाने चालायला शिकवणे कोणत्याही सेनापतीला शक्य नव्हते.

मध्यभागी मात्र भाऊसाहेबांची हुजुरात जोरात होती. समोर अब्दालीचा वजीर शहावलीखान होता. मराठ्यांच्या धडकेने त्याची फळी फुटली, त्याचे सैनिक माघारी पळू लागले. वजिराने घोड्यावरून उतरून आपल्या माणसांना परत बोलावण्याचा प्रयत्न केला, पण त्याचे फारसे कोणी ऐकेना. दुपारपर्यंत मराठ्यांचे पारडे जड होते. उपाशी पोटी, दुबळ्या घोड्यांवर बसून त्या सैनिकांनी येथवर मजल मारली, हे विसरून चालणार नाही.

अब्दाली या वेळी कोठे होता? तो आघाडीवर नव्हताच. सेनेच्या बऱ्याच मागे राहून तो संपूर्ण रणभूमी न्याहाळत होता आणि त्याच्याजवळ राखीव सैन्य होते. पळून येणाऱ्यांना त्याने सक्तीने परत फिरवले. सुमारे दहा हजार ताजे स्वार वजिराच्या मदतीला धाडले. उंटांवरील जंबुरके पुढे आणून त्याने मराठ्यांच्या दमलेल्या मध्यभागावर मारा सुरू केला. भाऊसाहेबांच्या पाठीशी असे राखीव दल नव्हते. तेथे बायकामुले होती. सकाळपासून जे लढत होते, त्यांनाच दुपारीही लढायचे होते. दोन सेनापतींच्या उभे राहण्याच्या जागांमधील हा फरक त्या दिवसाच्या निकालात फार मोठा ठरला.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास विश्वासरावांना गोळी लागली आणि ते गतप्राण झाले. त्यांचा देह हत्तीवर ठेवण्यात आला. ज्या पुतण्याला सुखरूप परत नेण्याची जबाबदारी चुलत्यावर होती, त्याचे शव आता शेजारी होते. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि लढणाऱ्यांच्या गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसली. डावीकडच्यांना वाटले, सेनापती पडले. मागच्यांना वाटले, लढाई संपली. मध्यभाग आहे की नाही, हेच कोणाला कळेना. अल्पावधीत सेनेला गळती लागली. मल्हारराव होळकर आपल्या पथकासह रणांगणातून निघून गेले. घायाळ इब्राहीमखान शत्रूच्या हाती सापडला आणि पुढे मारला गेला. जनकोजी शिंदे यांचीही तीच गत झाली.

भाऊसाहेबांनी हत्ती सोडला नसता तर लढाई जिंकली असती काय? असे खात्रीने म्हणता येणार नाही. राखीव फौज नव्हती, अन्न नव्हते आणि दिवस मावळतीकडे झुकला होता. तथापि अंबारी जागेवर राहती, तर माघार काही शिस्तीने झाली असती आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी झालेला संहार थोडा तरी कमी झाला असता, असे मानण्यास जागा आहे. सेनापती म्हणून त्यांची ही चूक होती. मात्र ती भ्याडपणातून घडलेली नव्हती. त्यांना निघून जाता आले असते. ते उलट दिशेने गेले. हिशेबाच्या वहीत आयुष्यभर एकही अंक चुकू न देणाऱ्या या पुरुषाने त्या घटकेला कोणताच हिशेब केला नाही.

अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढला होता. त्याने विश्वासरावांचा देह मिळवून त्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार करविले. भाऊसाहेबांचा म्हणून ओळखला गेलेला देह मस्तकाविना सापडला आणि त्यावरही अंत्यसंस्कार झाले. परंतु ती ओळख सर्वांना पटली नाही. पुत्र आणि बंधू यांच्या वियोगाने खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वती येथे मरण पावले. पुढे काही वर्षांनी एक मनुष्य आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगत पुढे आला. पुष्कळ लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, काही किल्लेही त्याच्या ताब्यात गेले. अखेर तो तोतया असल्याचे ठरून १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला.

पार्वतीबाई त्या रणधुमाळीतून वाचून पुण्यास परतल्या होत्या. पतीचा मृत्यू त्यांनी कधीच मान्य केला नाही. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत बावीस वर्षे त्या सौभाग्यवतीप्रमाणेच राहिल्या. पुण्यातील एका पेठेला भाऊसाहेबांचे नाव देण्यात आले होते. सदाशिव पेठ या नावाने ती आजही ओळखली जाते.